उचंत खात्यातला ताप

चौतीस वर्षे एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या हिशेब विभागात काढल्यामुळे मला एक सवय जडली आहे: रक्कम कोणत्या खात्याची आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. जिचा उगम कळत नाही ती रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकावी लागते, आणि वर्षअखेरीस आलेला लेखापरीक्षक सर्वांत आधी तेच खाते उघडायला सांगतो. २०२४च्या सप्टेंबर महिन्यात मी स्वतःच तीन दिवस अशा खात्यात पडून होतो. माझ्या केसपेपरवर 'सेप्सिस' एवढेच लिहिलेले होते, आणि तो कशामुळे झाला या रकान्यात प्रश्नचिन्ह होते. पुढील हकीकतीतील ११ ते १७ सप्टेंबर या दिवसांचे मला फारसे काही आठवत नाही. तो भाग पत्नीने दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवरून लिहीत नेलेल्या नोंदींच्या आधारे लिहीत आहे.

आमचे मूळ घर वडोद्याच्या दांडिया बाजारातले. भाऊबंदांची वाटणी झाल्यावर आम्ही समा भागातील एका सोसायटीत तळमजला आणि वर दोन खोल्या असे घर घेतले. २६ ऑगस्टला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, दिवसभर पाऊस कोसळत होता. आजवा धरणाचे पाणी आणि पावागडाकडून येणारे पाणी विश्वामित्री नदीत एकत्र आले आणि रात्री ते आमच्या उंबऱ्यावर होते. पुढचे तीन दिवस आम्ही दोघे वरच्या खोल्यांत होतो. त्या पुराच्या बातम्यांत सोसायट्यांमध्ये शिरलेल्या मगरींचीच छायाचित्रे सर्वत्र झळकली, आणि आम्हीही गॅलरीतून मगरच शोधत होतो. ज्याची खरी धास्ती घ्यायला हवी होती ते त्या पाण्याच्या तळाशी होते आणि डोळ्यांना दिसणारे नव्हते.

पाणी ओसरल्यावर तळमजल्यावर वीतभर गाळ राहिला. ३० ऑगस्टपासून तीन दिवस मी, शेजारचा मुलगा आणि एक मजूर असे तिघांनी फावड्याने तो बाहेर काढला. माझ्या पायात घरातली रबरी चप्पल होती, तीही गाळात रुतून बसत असल्याने मी अर्धा वेळ अनवाणीच होतो. मधुमेह चौदा वर्षांचा, टाचांना भेगा नेहमीच्याच. औषधांचा डबा खालच्या कपाटात असल्यामुळे पुरात भिजला, आणि त्या आठवड्यात साखरेच्या गोळ्या घेतल्या गेल्या नाहीत. हे सारे मी आज एका ओळीत मांडतो आहे. त्या वेळी यातील एकही गोष्ट मला नोंदवण्याजोगी वाटली नव्हती.

६ सप्टेंबरला संध्याकाळी अंग मोडून आले. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. गाळाचा वास न गेलेल्या त्याच खोलीत पाट मांडून मी तापातच पूजा केली, आणि ८ तारखेला विसर्जनाला मात्र शेजाऱ्यांच्या हाती मूर्ती दिली. त्या दिवसांत अर्ध्या वडोद्याला ताप होता, त्यामुळे माझ्या तापाचे कोणाला नवल वाटले नाही. ९ तारखेला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. डेंग्यूची आणि मलेरियाची तपासणी नकारात्मक आली. सलाईन लावले गेले, सेफ्ट्रिआक्झोन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन दोन दिवस दिले गेले, आणि 'व्हायरल आहे, उतरेल' असे सांगून घरी पाठवले गेले. सलाईन लावताना सुई शिरेत होतीच. त्याच वेळी कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतले असते तर दोन दिवस वाचले असते. ही माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेत नाही. परंतु पुरानंतरच्या त्या गर्दीत एका डॉक्टरासमोर साठ-सत्तर तापकरी बसलेले होते, हेही मी पाहिले आहे.

१० तारखेच्या रात्री काय झाले ते पत्नीच्या वहीत असे आहे: 'रात्री ११ नंतर लघवी नाही. २ वाजता थंडी, दात वाजतात. ४ वाजता मला आई म्हणून हाक मारली. पाय गार, अंग तापलेले. श्वास भराभर.' ती पूर्वी बालवाडीची शिक्षिका होती. वैद्यकीय शिक्षण तिला नाही. तरीही तिला एक गोष्ट उमगली, ती अशी की हा ताप वाढलेला नसून तापाच्या जोडीला काहीतरी वेगळे सुरू झाले आहे. थर्मामीटरवर त्या वेळी शंभरच होता, आदल्या दिवशीपेक्षा कमी. पुढे डॉक्टरांनी तिला सांगितले की ताप किती आहे यापेक्षा तिने टिपलेली ही चार लक्षणे, म्हणजे लघवी थांबणे, भान हरपणे, श्वासाची गती वाढणे आणि हातपाय गार पडणे, कितीतरी अधिक बोलकी होती.

पहाटे पाच वाजता शेजाऱ्याच्या गाडीतून मला एका मोठ्या रुग्णालयात नेले. दाखल करतानाचे आकडे पत्नीने जसेच्या तसे उतरवून घेतले आहेत: रक्तदाब ८४ वर ५०, श्वास मिनिटाला ३२, साखर ३८६, प्लेटलेट ६२ हजार, मूत्रपिंडाची अवस्था सांगणारे क्रिएटिनिन २.८, लॅक्टेट ४.६. यातला शेवटचा आकडा तिने घाईत 'लॅक्टोज' असा लिहून नंतर खोडला आहे. पेशींना पुरेसा रक्तपुरवठा मिळेनासा झाला की रक्तात लॅक्टेट वाढते आणि त्यावरून आतली अवस्था किती ढासळली आहे याचा अंदाज येतो, हे तिला तिथल्या तरुण निवासी डॉक्टरने उभ्या उभ्या समजावले. तिने त्याला विचारले, "यांना झालंय काय?" तो म्हणाला, "सेप्सिस." तिने विचारले, "म्हणजे कोणता आजार?" त्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मासी, ते अजून कळायचं आहे."

या उत्तराचा तिला तेव्हा राग आला होता. आजार कळलेला नसताना उपचार कसले, असा तिचा साधा प्रश्न होता. बरा झाल्यावर मी यावर पुष्कळ वाचले आणि माझ्या फिजिशियनांना पुष्कळ छळले, तेव्हा लक्षात आले की त्या मुलाचे उत्तर अगदी अचूक होते. २०१६ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद, ज्यामुळे स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो. म्हणजे हे एका अवस्थेचे नाव आहे. तिथवर पोहोचवणारे जंतू शेकडो असू शकतात: न्यूमोनियाचे, मूत्रमार्गाचे, मलेरियाचे, डेंग्यूचे. करोनाच्या साथीत ज्या रुग्णांचे अवयव एकामागून एक बंद पडत गेले, त्यांतील बहुतेकांची अवस्था याच व्याख्येत बसणारी होती, आणि तेव्हा तर जंतूच नवा होता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली आलेल्या अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांतील सुमारे १ कोटी १० लाख मरण पावले; जगातल्या त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंमागे एक. हिशेबनीस म्हणून मला या आकड्याने अस्वस्थ केले ते त्याच्या आकारमानामुळे नव्हे. एवढ्या मोठ्या रकमेतील किती भाग खऱ्या खात्यावर वळता झाला आणि किती उचंतमध्येच राहिला, हा प्रश्न मला सोडीना.

उपचारांना मात्र नावाची वाट पाहून चालत नाही. पहिल्या तासाभरात मला शिरेतून भराभर सलाईन गेले, रक्तदाब तरीही सावरेना म्हणून तो वाढवणारे नॉरअॅड्रेनलिन सुरू झाले, आणि पिपरासिलिन-टाझोबॅक्टम हे अनेक जंतूंवर चालणारे प्रतिजैविक व त्याच्या जोडीला डॉक्सीसायक्लिन दिले गेले. डॉक्सीसायक्लिनचे कारण लेप्टोस्पायरोसिसची शंका. सुरत, नवसारी, वलसाड या दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात पावसाळ्यात हा आजार अनेक वर्षांपासून ठाऊक आहे, आणि पुराचे पाणी म्हटले की गुजरातमधल्या डॉक्टरला पहिल्यांदा तोच आठवतो. दुपारी श्वास पेलेनासा झाला आणि मला व्हेंटिलेटरवर ठेवण्यात आले.

मला वाटते, माझा जीव ज्या एका कृतीमुळे वाचला ती या सगळ्याच्या आधीची आहे आणि ती फार तर पाच मिनिटांची असेल. प्रतिजैविकाचा पहिला थेंब जाण्यापूर्वी एका परिचारिकेने माझे दोन्ही दंड स्वच्छ पुसून, प्रत्येक हातातून दोन याप्रमाणे चार बाटल्यांत रक्त घेतले. पत्नीला ते पाहून धसका बसला, कारण बाटल्या मोठ्या आणि प्रत्येकीत आठ-दहा मिली रक्त. 'एवढं रक्त कशाला' असे तिने विचारल्याची नोंदही वहीत आहे. रक्तात जंतूंची संख्या अनेकदा अतिशय कमी असते, एका मिलीत एखादाच, त्यामुळे रक्त थोडे घेतले तर जंतू हाती लागत नाही; आणि एकाच हाताचे घेतले तर त्वचेवरचा जंतू बाटलीत शिरला की रक्तातलाच होता हे ओळखणे अवघड जाते. आदल्या दोन दिवसांच्या सेफ्ट्रिआक्झोनमुळे कल्चर कोरे येण्याची भीती डॉक्टरांना होती. सुदैवाने, म्हणायला विचित्र वाटते, ते औषध या जंतूवर फारसे चालत नाही, म्हणून तो टिकून होता.

१२ तारखेच्या रात्री यंत्राने बाटलीत वाढ होत असल्याचा इशारा दिला. १३ तारखेला प्राथमिक अहवाल आला: ग्राम-निगेटिव्ह गटातला दंडाकार जंतू, बहुधा स्यूडोमोनास नावाचा. १३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन असतो हे आम्हाला कित्येक महिन्यांनी कळले. त्या दिवशीच्या नोंदीत पत्नीने फक्त 'लघवी दिवसभरात २०० मिली, डायलिसिसचे विचारले' असे लिहिले आहे. प्रश्न इथे सुटल्यासारखा वाटत होता. जंतूला नाव मिळाले होते, आणि स्यूडोमोनासवर चालणारे औषध तर आधीपासूनच सुरू होते. तरीही मी सुधारत नव्हतो.

१४ तारखेला सकाळी प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई स्वतः आयसीयूत आल्या. पत्नी सांगते की त्यांनी माझ्याकडे पाहण्याआधी तिच्याकडे पाहिले आणि तीन प्रश्न विचारले: यांना मधुमेह आहे का, दारू किंवा मूत्रपिंडाचा काही जुना त्रास आहे का, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत हे मातीत किंवा पुराच्या पाण्यात उतरले होते का. पत्नीने गाळाची हकीकत सांगितली. बाई 'बरोबर' एवढेच म्हणाल्या आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन गेल्या.

त्यांना शंका का आली, हे मी नंतर त्यांच्याकडून मुद्दाम समजून घेतले. औषध-संवेदनशीलतेच्या तक्त्यात एक विसंगती होती. जो जंतू कोलिस्टिनसारख्या शेवटच्या फळीतल्या औषधाला आणि जेंटामायसिनला दाद देत नाही, तोच को-अॅमॉक्सिक्लॅव या घरोघरी ठाऊक असलेल्या साध्या औषधापुढे नमत होता. स्यूडोमोनास असे वागत नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर लाखांचे ताळेबंद जुळले होते आणि सव्वा रुपयाचा फरक राहिला होता. असा फरक माणूस एक तर सोडून देतो किंवा त्यासाठी सारी पाने पुन्हा उलटतो. त्यांनी पाने उलटली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतूची दोन टोके गडद आणि मध्य फिका, बंद केलेल्या सेफ्टी पिनसारखा दिसत होता. प्लेटवरच्या वसाहती पहिल्या दिवशी गुळगुळीत होत्या, परंतु दिवसागणिक त्या कोरड्या पडून त्यांवर सुरकुत्या उमटू लागल्या. स्वयंचलित यंत्र या जंतूला त्याच्या भाऊबंदांच्या नावाने ओळखण्याची चूक करू शकते, हे त्यांना माहीत होते, कारण त्यांचे शिक्षण दक्षिणेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते आणि तिथे त्यांनी हा जंतू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. वडोद्यात त्या तो प्रथमच पाहत होत्या. त्यांनी तत्काळ दोन गोष्टी केल्या: प्लेट सुरक्षा-कपाटाबाहेर कोणीही उघडू नये अशी सूचना दिली, कारण प्रयोगशाळेत प्लेटचा वास घेऊन जंतू ओळखण्याची जुनी खोड या जंतूच्या बाबतीत जिवावर बेतू शकते, आणि पक्क्या खात्रीसाठी नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. खात्रीचा अहवाल पाच दिवसांनी आला. औषध मात्र त्याच सकाळी बदलून मेरोपेनेम सुरू करण्यात आले.

जंतूचे नाव बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय, आजाराचे नाव मेलिऑइडोसिस. हे नाव मी उच्चारायला शिकलो तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता.

हा जंतू माणसाकडून माणसाकडे क्वचितच जातो. तो मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात वरच्या थरात येतो आणि त्वचेवरच्या जखमेतून, श्वासातून किंवा पिण्याच्या पाण्यातून आत शिरतो. माझ्या बाबतीत टाचांच्या भेगा की गाळ उपसताना उडालेले शिंतोडे, हे कोणी सांगू शकत नाही. निरोगी माणसात तो बहुधा काही करत नाही, आणि माझ्याबरोबर गाळ उपसणाऱ्या दोघांना साधी सर्दीही झाली नाही. मधुमेह हा त्याचा सर्वांत मोठा सोबती आहे. १९१२ साली रंगून येथे व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोन डॉक्टरांनी त्याचे पहिले वर्णन 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये प्रसिद्ध केले होते. म्हणजे जंतू शंभराहून अधिक वर्षांचा जुना, आणि तरीही त्याचा उल्लेख उदयोन्मुख आजारांत होतो. मला हा विरोधाभास वाटला, तेव्हा माझ्या फिजिशियनांनी समजावले की 'उदयोन्मुख' म्हणजे केवळ नव्याने जन्मलेला नव्हे. पूर्वी ठाऊक असलेला पण आता अधिक ठिकाणी किंवा अधिक प्रमाणात आढळू लागलेला आजारही त्यातच मोडतो. आणि कधी कधी तो वाढलेला नसतोच, आपण पाहायला शिकलेलो असतो. मणिपाल आणि वेल्लोर येथील वैद्यकीय महाविद्यालयांत शोधणारे डोळे आहेत म्हणून तिथे तो सापडतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि ८९ हजार मरतात, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा धरलेला आहे. प्रत्यक्ष नोंद होणारे रुग्ण त्यापुढे अगदीच किरकोळ. उरलेले कुठे जातात? काही क्षयरोगाच्या खात्यावर, कारण फुप्फुसातील छाया आणि ताप सारखाच दिसतो. बाकीचे 'सेप्टिसीमिया', म्हणजे रक्तातला जंतुसंसर्ग, या खात्यावर.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच पावसाळ्यात आमच्या राज्यात घडत होते. २०२४च्या जुलैमध्ये उत्तर गुजरातमधील मुलांना चांदीपुरा विषाणूचा ताप येऊ लागला तेव्हा शहरभर त्याचीच चर्चा होती. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला हा विषाणू १९६५ साली पुण्याच्या प्रयोगशाळेने वेगळा केला, आणि २००४ साली पूर्व गुजरातच्या जिल्ह्यांत त्याने मुलांचे बळी घेतले होते. मुले तापाने काही तासांत बेशुद्ध होतात, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होऊच शकत नाही, आणि नमुने धडाधड पुण्याला रवाना होतात. साठीच्या मधुमेही माणसाच्या तापाला अशी तातडी मिळत नाही. त्याच्या मरणाला मधुमेह, वय, पाऊस अशी तीन तयार कारणे असतात. चौथे कोण शोधणार? २०२१ साली अमेरिकेत चार जणांना हाच मेलिऑइडोसिस झाला आणि दोघे दगावले, तेव्हा तिथल्या यंत्रणेने जंतूची जनुकीय ओळख पटवत महिनोन्महिने माग काढला आणि अखेर भारतात बनलेल्या सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत तो जंतू सापडला. चार रुग्णांसाठी एवढा शोध. वाचताना मला कौतुकही वाटले आणि थोडी असूयाही.

माझी स्वतःची आठवण १७ सप्टेंबरच्या संध्याकाळपासून सुरू होते. घशातली नळी दुपारी काढली होती. बाहेरून ढोल-ताशांचा आवाज येत होता आणि मला खात्री होती की मी दांडिया बाजारातल्या जुन्या माडीवर आहे आणि वडील मला मिरवणूक पाहायला खाली सोडत नाहीत. प्रत्यक्षात ती अनंत चतुर्दशी होती, मिरवणुका खऱ्याच होत्या, आणि मला अडवणारे हात माझ्या मनगटांना सलाईनसाठी बांधलेल्या पट्ट्यांचे होते. एक परिचारिका कानाशी वाकून "काका, ऊंडो श्वास लो", म्हणजे खोल श्वास घ्या, असे पुन्हा पुन्हा म्हणत होती. असले भास पुढे पंधरा दिवस येत राहिले. भिंतीवरच्या घड्याळातून गाळ ओघळताना मी रोज पाहत असे, आणि ते कोणाला सांगायची लाज वाटत असे. सेप्सिसमध्ये मेंदूही त्या निकामी होणाऱ्या अवयवांपैकी एक असतो, हे कोणी आधी सांगितले असते तर ती लाज वाचली असती.

औषध बदलूनही ताप हटेना. पुण्याहून आलेला मुलगा, दोन मेहुणे आणि फोनवरचे असंख्य हितचिंतक यांनी 'औषध लागू पडत नाही, बदलायला सांगा' असा धोशा लावला. डॉक्टरांनी पत्नीला शांतपणे सांगितले की या आजारात योग्य औषध सुरू केल्यावरही ताप उतरायला साधारण नऊ दिवस लागतात, आणि जंतूचे नाव कळलेले असल्यामुळेच आपण थांबू शकतो. 'कळले नसते तर तिसऱ्या दिवशी मीही औषध बदलले असते,' असे ते म्हणाले. पत्नीने नऊ उभ्या रेघा मारून ठेवल्या. दहाव्या दिवशी, २३ तारखेला, ताप नव्हता.

त्यानंतर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये प्लीहेत चार आणि यकृतात एक असे लहान गळू दिसले. ही या जंतूची आवडती बिळे, आणि नाव माहीत नसते तर तिथे कोणी मुद्दाम पाहिले नसते. गळू असल्यामुळे शिरेतून द्यायच्या औषधाची मुदत दोन आठवड्यांऐवजी चार आठवडे झाली. पहिले काही दिवस मेरोपेनेम आणि नंतर सेफ्टाझिडिम. १४ सप्टेंबरपासून मोजलेले अठ्ठावीस दिवस १२ ऑक्टोबरला भरले. त्या दिवशी दसरा होता. घरी येताना मुलाने गाडीला झेंडूचा हार घातला होता. मला लिफ्टपासून गाडीपर्यंत चालताना दोनदा बसावे लागले.

खर्चाचा आकडा देत नाही. विम्याने अर्ध्याहून थोडा अधिक भाग उचलला, बाकीचा मुदत ठेवीतून गेला.

उपचार इथे संपत नाहीत, आणि रुग्ण नेमके इथेच फसतात. जंतू पेशींमध्ये दडून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उसळतो, म्हणून पुढे किमान तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या घ्याव्या लागतात: सकाळी दोन, रात्री दोन, सोबत फॉलिक अॅसिड. या गोळ्यांनी मळमळ होते, अंगावर पुरळ येऊ शकते, रक्तातले पोटॅशियम वाढते. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासावे लागे. नोव्हेंबरमध्ये माझे पोटॅशियम ५.८ वर गेले तेव्हा गोळ्यांचे प्रमाण कमी करावे लागले आणि नारळपाणी बंद झाले. केस मूठमूठ गळाले. सर्वांत अपमानास्पद भाग हा की मला बेरीज जमेना. तीन आकडी संख्यांची उभी बेरीज करताना हातचा विसरत असे. ती शक्ती जवळजवळ पूर्ण परत आली आहे, जिना चढण्याची अजून नाही. शेवटची गोळी १२ जानेवारीला घेतली, उत्तरायणाच्या दोन दिवस आधी, आणि त्या उत्तरायणाला गच्चीवर खुर्ची टाकून नातवाची फिरकी धरली. पाकिटात आता एक चिठ्ठी असते, डॉक्टरांनी छापून दिलेली: ताप आल्यास प्रतिजैविक देण्यापूर्वी ब्लड कल्चर घ्यावे आणि प्रयोगशाळेला या जंतूची पूर्वसूचना द्यावी. खालच्या कपाटात गुडघ्यापर्यंतचे गमबूट आहेत.

एक गोष्ट उरली होती. माझे धाकटे काका २०१९च्या ऑगस्टमध्ये वारले. त्या वर्षी ३१ जुलैला वडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, आणि काकांनी त्यांच्या दुकानामागच्या गोदामातला गाळ स्वतः उपसला होता. त्यांनाही मधुमेह होता. आठ दिवसांचा ताप, दोन दिवस आयसीयू, आणि दाखल्यावर 'सेप्टिसीमिया, अनेक अवयव निकामी'. आम्ही तो शब्द वाचून मान डोलावली होती. त्यांना माझाच आजार झाला होता असे मी म्हणत नाही. तो लेप्टो असेल, साधा न्यूमोनिया असेल, आणखी काही असेल. फेब्रुवारीत मी चुलतभावाकडे त्यांची फाइल मागितली. त्याने ती माळ्यावरून काढून दिली आणि मी सवयीप्रमाणे अहवालांऐवजी आधी बिल वाचायला घेतले. सात पाने होती. तीन प्रतिजैविकांच्या बाटल्या, नॉरअॅड्रेनलिन, हातमोजे, सिरिंजा, डायलिसिसचा एक फेरा, पलंगाचे भाडे, अगदी स्पंजबाथचा आकारही त्यात होता. ब्लड कल्चरचा आकार कोणत्याही पानावर लावलेला नव्हता.